लाभाचं पोतं

पुंजाबाबाने आयुष्यात कधी 'एक' म्हणून मोजायला सुरुवात केली नव्हती. वणीच्या बाजारात पस्तीस वर्षं तो मापाडी होता. बाजरी असो, भुईमूग असो, नागली असो, पहिलं माप पडलं की त्याच्या तोंडून सूर निघायचा, "लाभ... लाभ... लाभ," आणि दुसरं माप पडलं की मग "दोन". त्याच्या बापानेही असंच मोजलं होतं. शेतातून लक्ष्मी घरात येते, तिला 'एक' कसं म्हणायचं? एक म्हणजे एकटं, आणि दारात येणारं कधी एकटं येऊ नये, एवढाच त्यातला साधा विचार. आता पिशवीवर वजन छापूनच येतं, त्यामुळे शहरातल्या माणसांना हे माहीत असायचं काही कारण नाही.

त्याची बायको लंकाबाई त्याची भारी थट्टा करायची. म्हणायची, ह्या माणसाला पहिला पोरगा झाला तेव्हा सुईणीने विचारलं, पोरं किती झाली, तर हा म्हणाला लाभ. ती चार वर्षांपूर्वी काविळीने गेली. मुलगा रविराज नाशकात सातपूरला कारखान्यात, त्याचं बरं चाललेलं, पण दोन खोल्यांत म्हाताऱ्याला कुठे ठेवणार. पुंजाबाबा वणीतच राहिला. संध्याकाळी भातासाठी डब्यातून एक चिपटं तांदूळ काढायचा, आणि तेवढ्यालाही "लाभ" म्हणायचा. दुसरं चिपटं काढायची गरजच उरली नव्हती, तरी म्हणायचा. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून काय झालं?

बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मापाड्याचा गळा कुणाला लागेनासा झाला. वर्षभर तो ओट्यावर बसून होता. मग गल्लीतली ठमाबाई एक दिवस निरोप घेऊन आली. ही ठमाबाई दिंडोरीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये कामाला जायची. नाशकातली एक कंपनी शेतकऱ्यांना मल्चिंग पेपर विकते, टोमॅटोच्या आणि मिरचीच्या सरीवर अंथरतात ते काळं-चंदेरी प्लास्टिक. पीक निघालं की ते प्लास्टिक बांधावर पडून राहायचं, नाहीतर जाळायचे, नाहीतर ओढ्यात जायचं. तर त्या कंपनीने जाहीर केलं होतं की आम्ही विकलेलं प्लास्टिक आम्हीच गावागावातून परत गोळा करू, तोलून मोजून आकडा सांगू, आणि तो आकडा बाहेरच्या माणसाकडून तपासून घेऊ. त्याला एक वजन करणारा विश्वासाचा माणूस पाहिजे होता. ठमाबाईने साहेबाला सांगून टाकलं की वणीत विचारा, पुंजाबाबाच्या काट्यावर पस्तीस वर्षांत भांडण झालेलं नाही. खरंच नव्हतं झालेलं. ज्याचा माल तोलला जायचा तोही आणि जो घ्यायचा तोही, त्याच्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि म्हाताऱ्याची सगळी इस्टेट म्हणाल तर तेवढीच होती.

शेडचा साहेब हर्षल. तिशीतला, चुणचुणीत, बोलण्यात दर चार शब्दांनी 'पारदर्शकता'. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर आला आणि चिखलाने थबथबलेलं प्लास्टिक हर्षलने तसंच काट्यावर चढवायला सांगितलं. पुंजाबाबाने त्यातलं एक पान उचललं आणि झटकलं. पाटीभर माती खाली पडली.

"साहेब, निम्मी तर मातीच हाय," तो म्हणाला. "माती मोजून तिला प्लास्टिक कसं म्हणायचं?"

हर्षलला ते रुचलं नाही, कारण मातीसकट आकडा चांगला दिसत होता. पण तपासणी करणारं माणूस वर्षाच्या शेवटी येणार होतं, ते काही माती खाणार नव्हतं. मग हौद बांधला, दोऱ्या लावल्या. प्लास्टिक धुवायचं, वाळवायचं, दाबून पोत्यात भरायचं, प्रत्येक पोतं काट्यावर बरोबर पंचवीस किलोचं करायचं आणि मगच ट्रकच्या थप्पीला लावायचं. उरलेलं फुटकळ दुसऱ्या दिवशीच्या मालात. गोळा होणारा आकडा एका महिन्यात निम्म्यावर आला. हर्षलचं तोंड वाकडं झालं, आणि टेबलावर टॅब घेऊन बसणाऱ्या निकिताचं मात्र उजळलं.

निकिता नाशिकची, चोवीस वर्षांची, पर्यावरणाचं शिकलेली, आणि कामाची पक्की. टेबल दाराशी, काटा आत. पोतं भरलं की पुंजाबाबा आवाज द्यायचा आणि ती टॅबवर बोट दाबायची. एक बोट म्हणजे पंचवीस किलो. एका गावाचा माल ती एक खेप, आणि खेप बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कामावर येण्याआधी तिला शिकवलं होतं की वजन सुरू करताना काटा बरोबर आहे का ते बघायला एकदा नुसतं तोलून बघायचं असतं, ते नोंदवायचं नसतं. पहिल्या दिवशी पहिलं पोतं झालं, आतून आवाज आला, "लाभ... लाभ... लाभ". तिला वाटलं हेच ते. तरी पोरगी पक्की, उठून आत जाऊन विचारून आली.

"बाबा, हा लाभ मोजायचा नाही ना?"

पुंजाबाबाला प्रश्नच गोड वाटला. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "लाभ कधी मोजायचा नसतो पोरी. लाभ घ्यायचा असतो."

दोघंही खुशीत आपापल्या जागी गेले.

आता ह्यात चूक कुणाची, सांगा. त्याला सांगायचं होतं की पहिल्याला आकडा नसतो, नाव असतं. तिला ऐकू आलं की पहिलं पोतं नुसतं तोलून पाहायचं आणि परत ढिगात टाकायचं. ते पोतं थप्पीला जात होतं, दाराकडे तोंड करून बसलेल्या तिला ते दिसत नव्हतं. तो 'सात' म्हणाला की तिच्या टॅबवर सहा असायचे, आणि तिला ते बरोबरच वाटायचं. रोज चार खेपा. वर्षभर.

त्या वर्षात दोघांची चांगली गट्टी जमली. दुपारी ती डबा उघडायची तेव्हा पहिला घास उचलून त्याच्या भाकरीवर ठेवायची. तिने एक दुसराही हिशोब मांडला होता. कोणत्या गावाला किती प्लास्टिक विकलं आणि किती परत आलं. सगळ्यात पातळ पेपर होता त्यातला निम्माही परत येत नव्हता. बाकीचा कुठे जातो, हा प्रश्न तिला सतावत होता. पुंजाबाबाने तिला एका टोमॅटोच्या वावरात नेलं आणि चपलेच्या टोकाने माती उकरली. नखाएवढे तुकडे, जिकडे उकराल तिकडे. पातळ पेपर उपटताना फाटतो आणि जमिनीतच राहतो, हे त्याने सांगितलं आणि तिने लिहून वर पाठवलं. पुढच्या हंगामात कंपनीने तो पेपर बनवणं बंद केलं आणि अख्खा निघेल असा जाड पेपर काढला. कागदोपत्री म्हाताऱ्याचं नाव कुठे आलं नाही, पण गावात तो चार लोकांना सांगायचा की आपल्या पायाच्या अंगठ्याने कारखाना हलवला. सांगू द्या की. खोटं थोडंच होतं ते.

पौषात तपासणीसाठी शुभांगी नावाच्या बाई आल्या. कंपनीच्या नव्हत्या, बाहेरच्या संस्थेच्या. शांत बाई, आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी शेडमधला आकडा घेतला, एकशे अडुसष्ट टन. मग जिथे हे प्लास्टिक वितळवून दाणे करतात त्या कारखान्याच्या भुईकाट्यावरचा आकडा मागवला. तिथे एकशे शहाण्णव टन पोचलं होतं.

अठ्ठावीस टन जास्त. कमी असतं तर चोरी म्हणून मोकळं होता आलं असतं. जास्त कसं? शुभांगीबाईंनी समजावून सांगितलं की ह्या धंद्यात एक लबाडी चालते. गोळा केल्याचा आकडा फुगवायला बाजारातून भंगार प्लास्टिक विकत घेऊन ट्रकमध्ये घुसवतात. न मोजलेली पोती ट्रकमध्ये गेली असतील, तर ती शेतातली आहेत हे कशावरून? आणि अठ्ठावीस टनांचा उगम सांगता येत नसेल तर बाकीच्या एकशे अडुसष्टवर तरी विश्वास का ठेवायचा? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी अहवाल थांबवला आणि चौकशी करा म्हणाल्या, कुणाचं नाव घेतलं नाही.

नाव हर्षलने घेतलं. त्याला वरून फोनवर फोन येत होते आणि उत्तर द्यायला एक माणूस पाहिजे होता. पुंजाबाबाला बोलावून त्याने सगळ्यांदेखत विचारलं, न मोजलेली पोती थप्पीला कोण लावतं? म्हाताऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा म्हणाला, मोजल्याबिगर माझ्या हातून पोतं गेलेलं नाय. हर्षलने निकिताला विचारलं. ती घाबरलेली होती, नोकरी पहिलीच होती, आणि तिच्या मते तिने काहीच चूक केलेली नव्हती.

"बाबा मोजून सांगतात ते सगळं मी नोंदवलंय," ती खाली बघत म्हणाली. "टॅबमध्ये आहे तेच खरं."

पुंजाबाबा तिच्याकडे बघत राहिला. ती खोटं बोलत नाही हे त्याला दिसत होतं, आणि आपणही बोलत नाही हे ठाऊक होतं. मग अठ्ठावीस टन आले कुठून? पस्तीस वर्षं ज्याच्या डोक्यात तोल पक्का होता त्याला पहिल्यांदा वाटलं की आपलीच मोजणी म्हातारी झाली असेल. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं हर्षल म्हणाला. ठमाबाईने साहेबाला चार शब्द सुनावले, आणि तिलाही आठ दिवस घरी बसवलं गेलं.

वणीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? अठ्ठावीस टन, कंपनी, तपासणी हे सगळं वाटेत गळून पडलं आणि बाजारात पोचलं ते एवढंच, की पुंजाने काटा मारला. मापाड्याला ह्याहून वाईट शिवी नाही. कुणी तोंडावर म्हणालं नाही, हे आणखी वाईट. हॉटेलवर गेला की बोलणं थांबायचं, चहा पुढे यायचा, पैसे घेताना हॉटेलवाला नको तितका हसायचा. रविराजचा फोन आला. बाबा, जे झालं ते झालं, आता इकडे या म्हणाला. "जे झालं ते झालं" ह्या शब्दांनी म्हातारा आतून तुटला. म्हणजे पोरालाही वाटत होतं की काहीतरी झालंय.

माघात त्यांच्या आळीच्या देवीचा भंडारा असतो. दरवर्षी आदल्या दिवशी घरोघरचे तांदूळ देवळात जमा व्हायचे आणि पुंजाबाबा आंघोळ करून, टोपी घालून मोजायला बसायचा. त्याचा पहिला "लाभ" ऐकायला बाया मुद्दाम थांबायच्या. तो कानावर पडला की वर्ष चांगलं जातं म्हणायच्या. लंकाबाई सगळ्यात पुढे बसायची. तीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. ह्या वर्षी त्याने सकाळी आंघोळ केली, टोपी घातली आणि बोलावणं यायची वाट बघत बसला. उन्हं उतरली तरी कोणी आलं नाही. तेव्हा ठमाबाई आली आणि इकडचं तिकडचं बोलत बसली. शेवटी तिने सांगून टाकलं की ह्यंदा मंडळाने दुकानातून पंचवीस-पंचवीस किलोचे बंद कट्टे आणलेत, मोजायचं कामच ठेवलं नाही.

तो बरं म्हणाला. टोपी काढून खुंटीला लावली. संध्याकाळी तांदळाच्या डब्यात चिपटं घातलं, वर काढलं आणि तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही. हातातलं चिपटं तसंच धरून तो चुलीपाशी बसून राहिला आणि रडला. लंकाबाई गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

फाल्गुनात निकिता देवळ्याला मावशीकडे लग्नाला गेली होती. लग्नघरात दळणासाठी गहू काढायचे होते. मावशी पायली घेऊन बसली, पहिली पायली भरली, "लाभ" म्हणाली आणि पोत्यात ओतली. मग म्हणाली, "दोन". निकिताने विचारलं, मावशी, पहिली परत ढिगात नाही टाकायची? मावशी हसत सुटली. शिकलीस एवढी, अगं लाभ म्हणजेच एक! सगळ्या बाया हसल्या. निकिता हसली नाही. ती तिथेच गव्हाच्या ढिगापाशी खाली बसली.

हळदीलाही न थांबता ती नाशिकला आली आणि सरळ शुभांगीबाईंना गाठलं. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली, हे तिचं मोठेपण म्हणायला हवं. चौकशीबद्दल कुणाशी बोलायचं नाही असं हर्षलने तिला आधीच बजावलं होतं, तरी ती गेली. शुभांगीबाईंनी वर्षभरातल्या खेपा काढल्या. अकराशे वीस. प्रत्येक खेपेचं पहिलं पोतं पंचवीस किलोचं. गुणाकार केला. अठ्ठावीस हजार किलो, म्हणजे अठ्ठावीस टन, फरकाइतकेच. मग त्यांनी चार गावांतल्या शेतकऱ्यांकडून खेपांची आणि ट्रकवाल्यांकडून पोत्यांची संख्या पडताळून घेतली, तीही जुळली. अहवालात त्यांनी लिहिलं की वजन करणाऱ्याची मोजणी पूर्ण वर्ष अचूक होती, नोंदीत पद्धतशीर चूक झाली, शेडमधला आकडा एकशे शहाण्णव टन असा दुरुस्त करावा. नंतर त्या निकिताला म्हणाल्या, इतकी नेमकी मोजणी मी आजवर तपासलेली नाही.

निकिता दुसऱ्या दिवशी वणीला गेली. पुंजाबाबा ओट्यावर होता. तिने एका दमात सगळं सांगितलं, अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं, पाया पडली आणि तिथेच रडायला लागली. म्हाताऱ्याने तिला उठवून ओट्यावर बसवलं. मग त्याने हातांची बोटं मोजल्यासारखी केली.

"म्हंजे मी लाभ म्हणलो, तेवढंच तुझ्याकडं पोचलं नाय," तो म्हणाला.

ती मान हलवत राहिली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, चहा टाकला, चूक तुझी एकटीची नाय, मीच नीट सांगितलं नाय म्हणाला. तिला ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. बाजारात जाऊन सगळ्यांना सांगते असं ती म्हणाली, तेव्हा तो नको म्हणाला. भंडारा होऊन गेला होता. बाजारात आता दुसऱ्या कुणाचं काहीतरी चाललं होतं, आणि काटा मारला म्हणणारी माणसं, नाही मारला हे ऐकायला पुन्हा जमत नसतात.

चैत्रात तो कामावर परत गेला. ठमाबाईने गुळाचा खडा दिला. हर्षलने सगळ्यांसमोर हात मिळवला आणि गैरसमज दूर झाल्याचा आनंद व्यक्त केला. माफी मात्र त्याच्या पारदर्शकतेत बसत नव्हती. भिंतीवर नवा नियम लावला होता, मोजणी फक्त आकड्यांनी करावी. पण निकिताने शुभांगीबाईंची परवानगी काढून टॅबमध्ये एक बदल करून घेतला होता. ती तो दाखवायला काट्यापाशी धावत आली. पडद्यावर पहिल्या पोत्याच्या जागी एकचा आकडा नव्हता. तिथे ठळक अक्षरात 'लाभ' लिहिलेलं होतं, त्याखाली दोन, तीन, चार. पुंजाबाबाला वाचता फारसं येत नव्हतं, पण ही दोन अक्षरं त्याने ओळखली. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

"आता बिनघोर म्हणा बाबा," ती म्हणाली. "आता चुकणार नाही."

"लय चांगलं केलंस पोरी," तो म्हणाला.

दिंडोरीकडचा पहिला ट्रॅक्टर लागला. प्लास्टिक हौदात धुऊन वाळवून घेतलं. ठमाबाईने पोतं भरलं, पुंजाबाबाने काट्यावर चढवलं, दोन पानं काढली, एक परत घातलं, पंचवीसवर आकडा थांबवला. निकिता दाराकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून बसली होती. तिचं बोट पडद्यावर तयार होतं. शेडमधल्या बायाही हात थांबवून ऐकत होत्या.

"एक," पुंजाबाबा म्हणाला.

त्याने पोतं उचलून थप्पीला लावलं आणि निकिताच्या चेहऱ्याकडे बघून तिची समजूत काढावी तसं म्हणाला, "असू दे. घरी बी आता एकच म्हणतो. एकट्यापुरतंच तर शिजवायचं असतं."

तो दुसरं पोतं आणायला वळला. निकिताने डोळे पुसले आणि पडद्यावरचं 'लाभ' दाबलं.